त्यांच्यासाठी वेगळं काम काढू नका, गल्लीसाठी काढा

प्रश्न : मी सोलापुरात एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. फील्डवर्कसाठी मला अक्कलकोट रोड एमआयडीसीलगतची एक वस्ती मिळाली आहे. तिथे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले कामगार भाड्याने राहतात. जुने रहिवासी बहुतेक तेलुगू भाषक आहेत, यंत्रमागावर आणि विडीवर जगणारे. आम्ही बाहेरच्या कामगारांची नोंदणी सुरू केली, तर इथल्या बायका म्हणाल्या, “आमची पोरं पोटासाठी पुण्याला गेली आणि तुम्ही ह्यांना कार्डं काढून देताय.” मला काही बोलता आलं नाही. पुस्तकात ‘सामाजिक सलोखा’ वाचते, पण वस्तीत त्यासाठी नेमकं काय करायचं?

उत्तर :

त्या बायकांना पटवून द्यायला जाऊ नका. त्यांनी जे म्हटलं ते आधी वहीत उतरवून घ्या, कारण ते खरं आहे. त्यांची पोरं खरंच पुण्याला गेली. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. नंतर मागावर दिवसभर उभं राहूनही घर भागेना, म्हणून आयटीआय झालेली, बारावी झालेली मुलं चाकण-हिंजवडीकडे निघून गेली. त्याच काळात टॉवेलच्या कारखान्यात, गारमेंटच्या शेडमध्ये, सेंट्रिंगच्या कामावर बाहेरची मुलं आली. आपला पोरगा गेला आणि दुसऱ्याचा आला, हे ती बाई स्वतःच्या दारात उभी राहून बघते. आणि तुम्ही त्या दारात पहिल्यांदा जाता तेव्हा तुमच्या हातात दुसऱ्याच्या पोराचा फॉर्म असतो. मग ती दुसरं काय म्हणणार?

मी अशा वस्त्यांमधून बरीच वर्षं काम करते आहे आणि माझं मत आता पक्कं झालंय. स्थलांतरितांसाठी वेगळा कॅम्प, वेगळी यादी, वेगळा फलक घेऊन तुम्ही गल्लीत शिरलात की असलेला दुरावा तुमच्याच हाताने वाढतो. जुने आणि नवे ज्या खिडकीपुढे दोघंही अडलेले असतात ती खिडकी शोधायची आणि कामाला तिथून हात घालायचा. रेशन, नळ, शाळा, मजुरी, पीएफ. सलोखा हा विषय म्हणून घेतला तर भाषणं होतात, या कामांतून तो आपोआप रुजत जातो.

तुमच्या वस्तीचा इतिहास तुम्हाला ठाऊक असायलाच हवा. जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली आणि सोलापूर हे गिरणगाव झालं. त्या काळापासून निजामाच्या राज्यातल्या करीमनगर, नलगोंडा, महबूबनगर, वरंगळ भागातून पद्मशाली विणकर कुटुंबं इथे येत राहिली. शहराचा पूर्व भाग त्यांनीच वसवला. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, नवरात्रात बायका फुलांची बतुकम्मा मांडतात, महापालिकेच्या शाळा मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा माध्यमांतून चालतात. घरात तेलुगू, बाजारात कन्नड, ऑफिसात मराठी आणि भांडणात दखनी, असं बोलणारी माणसं या शहरात कमी नाहीत.

पण हा इतिहास तोंडावर फेकायचा नसतो. “तुम्हीही बाहेरूनच आलात की” हे वाक्य त्या बायकांपुढे चुकूनही उच्चारू नका. जिच्या तीन पिढ्या इथे मागावर गेल्या तिला त्यातून एकच ऐकू येतं, की तुमचं घर अजून तुमचं नाही. त्याऐवजी साधी चौकशी करा. तुमच्या सासऱ्यांना पहिली खोली कुणी दिली? पहिलं रेशनकार्ड निघालं तेव्हा जामीन कोण राहिलं? विडीच्या कारखान्यात नाव कुणी लावून दिलं? दुपारी पान-तंबाखूचं सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेल्या अक्कांना हे विचारलंत तर हात न थांबवता त्या तासभर बोलतील. कुठला तरी गाववाला, कुठला तरी कारखानदार, एखादा कानडी शेजारी, एखादी मराठी मास्तरीण, अशी नावं एकेक करून येतात. शहरात पाय रोवायला काय काय लागतं याची पूर्ण माहिती त्या बोलण्यात असते, आणि गल्लीत नवीन आलेल्या मुलाला नेमकं तेच हवं असतं. हा जोड तुम्ही लावून द्यायची गरज नाही. बहुतेक वेळा बोलता बोलता अक्का स्वतःच लावतात.

आता पुस्तकातल्या शब्दाकडे येते. इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ सोशल वर्कर्स या संघटनेने २०१४ मध्ये मेलबर्नला समाजकार्याची जी जागतिक व्याख्या मान्य केली, तिच्यात सामाजिक बदल, विकास, सलोखा आणि लोकांचं सक्षमीकरण व मुक्ती हे सगळं एकाच वाक्यात एकमेकांशेजारी ठेवलेलं आहे. तुमच्या अभ्यासक्रमात ही व्याख्या असेलच. परीक्षेत ती पाठ लिहिली जाते आणि वस्तीत गेल्यावर मात्र सलोखा म्हणजे भांडण होऊ न देणं एवढाच अर्थ उरतो. मग रांगोळी स्पर्धा, एकात्मतेची शपथ, दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांचा सत्कार. फोटो निघतात. ज्याची मजुरी बुडाली त्याची मजुरी बुडालेलीच राहते. अन्यायावर पांघरूण घालून आलेली शांतता ही समाजकार्याच्या व्याख्येत बसतच नाही, हे तुमच्या अहवालात ठामपणे लिहा.

सोलापूर कशाने एकत्र आलं ते बघा. स्वातंत्र्यलढ्यात, १९३० च्या मे महिन्यात, इथे मार्शल लॉ म्हणजे लष्करी अंमल लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी झाली. चार हुतात्मा पुतळ्यांखालची नावं नुसती वाचली तरी हे शहर कुणाकुणाचं आहे ते कळतं. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर कुंभारीला जाऊन या. गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगार महिलांची १०,००० घरांची वसाहत तिथे उभी राहिली, २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती महिलांच्या हवाली झाली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचं रे नगर, ज्यातल्या पहिल्या १५,००० घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिल्या गेल्या. कामगार नेते नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तर, यांच्या युनियनने यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. तेलुगू, मराठी, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या बायका एकाच मागणीसाठी रस्त्यावर बसल्या. कुणाचा पक्ष कुठला ते आपण बाजूला ठेवू. मागणी एक असली की माणसं एका सतरंजीवर बसतात, आणि सतरंजीवर बसलेल्यांना एकमेकींच्या घरच्या गोष्टी कळायला लागतात. समाजकार्याच्या विद्यार्थ्याने तिथून हे उचलायचं आहे.

मजुरीपासून सुरुवात करते, कारण खरी ठिणगी तिथे आहे. “हे लोक कमी पैशात काम करतात म्हणून आमच्यांना कुणी ठेवत नाही,” ही तक्रार तुम्ही रोज ऐकाल. यात अर्धी बाजू राहून जाते. तो मुलगा हौसेने कमी घेत नाही. ठेकेदार त्याच्या रकमेतून खोलीचे, जेवणाचे, येण्याच्या तिकिटाचे पैसे कापतो, आणि गावी घेतलेली उचल फिटेपर्यंत त्याला तोंड उघडता येत नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात हे ओळखलेलं होतं. त्याच कामावरच्या स्थानिक कामगारापेक्षा कमी मजुरी द्यायची नाही, फोटो लावलेलं पासबुक द्यायचं, गावापासून इथपर्यंतचा प्रवासखर्च आणि वर विस्थापन भत्ता द्यायचा, असं त्यात स्पष्ट होतं. कायद्याची मेख अशी की तो ठेकेदाराने आणलेल्यांनाच लागू होता. मित्राच्या फोनवर स्वतः गाडीत बसून आलेला मुलगा त्यात बसत नव्हता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहितेत महिना १८,००० रुपयांपर्यंत मजुरी असलेला, स्वतःहून आलेला कामगारही धरला आहे. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. मात्र दहापेक्षा कमी स्थलांतरित कामगार असलेल्या छोट्या शेडला ती तरतूद लागू होत नाही, आणि तुमच्या वस्तीभोवती तसल्या शेड भरपूर असणार.

यातला समान मजुरीचा मुद्दा जुन्या रहिवाशांच्या फायद्याचा आहे, हे त्यांच्यापर्यंत पोचवा. बाहेरच्या मुलाचा दर वर गेला तरच इथल्या मुलाला त्या मागावर पुन्हा जागा आहे. हे एकदा कळलं की गल्लीतला जुना मागवाला त्या मुलाला स्वतः सांगतो, अमुक कामाला इतका दर चालतो, त्याखाली हात लावू नको. व्याख्यानापेक्षा हे एक वाक्य जास्त काम करतं.

करायचं म्हणाल तर घोषणांपासून सुरू करू नका. दहा-वीस रुपयांच्या खिशात मावणाऱ्या वह्या आणा. प्रत्येकाने रोज तीन गोष्टी लिहायच्या: तारीख, किती तास, हातात किती पैसे. लिहिता येत नसेल तर मोबाइलवर स्वतःच्या आवाजात सांगून ठेवायचं. मजुरीच्या तक्रारीत मालकाकडे मस्टर, म्हणजे हजेरीपट, असतं, कामगाराकडे काहीच नसतं. ही वही म्हणजे पहिला कागद. आणि ती फक्त बाहेरच्यांना देऊ नका. कांडी भरणाऱ्या, टॉवेलला शिलाई मारणाऱ्या, विडी वळणाऱ्या इथल्या बायकांनाही द्या. हजार विड्यांमागे ठरलेली मजुरी आणि विड्या रद्द करून प्रत्यक्षात पदरात पडलेली मजुरी यांतला फरक त्यांनाही कागदावर कधी दिसलेला नसतो.

जागतिकीकरण हा शब्द तुमच्या पेपरात फार येत असेल. वस्तीत तो असा दिसतो: २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं. सोलापुरातून परदेशी जाणाऱ्या टॉवेलला त्याची झळ लागली. ऑर्डर थांबली की आधी पाळी कमी होते, मग दिवस कमी होतात. त्या दिवशी मागावरचा तेलुगू मामा आणि पॅकिंगवरचा बिहारी मुलगा दोघेही एकाच चहाच्या टपरीवर बसलेले असतात. दोघांनाही कारण नीट माहीत नसतं आणि दोघांचाही राग जवळ दिसणाऱ्या माणसावर निघतो. अशा आठवड्यात वस्तीत मुद्दाम जा. काम का थांबलंय, कुठे थांबलंय, हे साध्या भाषेत सांगा. शेजाऱ्याने आपलं काम पळवलं ही समजूत बेकारीच्या दिवसांत सगळ्यात जोराने पसरते.

आता नळाचं. सोलापुरात पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, तेही कधी रात्री दोनला. एका गल्लीत घरमालकाने वरच्या मजल्यावर पत्र्याच्या सहा खोल्या काढल्या आणि प्रत्येक खोलीत चार-चार ओडिया मुलं ठेवली. कनेक्शन खालचंच, जुनं, अर्ध्या इंचाचं. पाणी आलं की मालकाची मोटार सुरू, आणि गल्लीच्या शेवटच्या तीन घरांना नळाला नुसती हवा. एका रात्री शेवटच्या घरातली बाई घागर आपटत वर गेली. “काय बे, सगळ्या गल्लीचं पाणी तुम्हीच पिताय का?” मुलं रात्रपाळीहून नुकतीच आलेली, त्यांना अर्धं कळलं, अर्धं नाही. त्यातल्या एकाने मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. मग बाईचा दीर आला, धक्काबुक्की झाली, आणि सकाळी गल्लीत एकच भाषा होती: भैय्यांना हाकला. ती मुलं ओडिशाची होती, पण अशा वेळी तेवढा फरक कोण करतो?

आम्ही समेटाची बैठक घेतली नाही. शेवटच्या तीन घरांतल्या बायकांसोबत बसलो आणि मागच्या चार पाण्यांना कुणाच्या किती घागरी, किती बॅरल भरले ते लिहून काढलं. मग वर जाऊन मुलांना तेच विचारलं. कळलं की मुलांनाही माणशी दोन बादल्यांवर पाणी मिळत नव्हतं, आणि मालक त्यांच्याकडून पाण्याचे वेगळे पैसे घेत होता. खाली हौद नव्हताच. मोटारीने ओढलेलं पाणी मालकाच्या स्वतःच्या टाकीत आधी जायचं. हा हिशेब दोन्हीकडच्यांना एकत्र दाखवला तेव्हा रागाची दिशा बदलली. अर्ज झाला, त्यावर त्या बाईची सही आणि शूटिंग करणाऱ्या मुलाचीही सही. मोटार पाण्याच्या वेळेत बंद ठेवायची आणि हौद बांधायचा, असं मालकाने सगळ्यांसमोर कबूल केलं. हौद बांधायला त्याने उन्हाळा घालवला, पण बांधला.

त्यानंतर त्या बायका आणि ती मुलं काही जिवलग झाली नाहीत. एकमेकांच्या घरी जेवायलाही जात नाहीत. तुमच्या अहवालात तसं काही गोड लिहिण्याचा मोह टाळा. पाणी येणार असलं की खालून कुणीतरी वर हाक मारतं, आणि ‘हाकला’ हा शब्द त्या गल्लीत बंद झाला. माझ्या लेखी हे पुरेसं मोठं यश आहे.

रेशनची खिडकी ही सर्वांत सोपी सुरुवात. एक देश एक रेशनकार्ड ही सोय २०१९ मध्ये मोजक्या राज्यांत सुरू झाली आणि जून २०२२ पर्यंत सगळ्या राज्यांत पोचली. अन्नसुरक्षा कायद्याखालचं बिहारचं कार्ड असलेल्या माणसाला इथल्या दुकानात धान्य मिळू शकतं, आणि तो एकटा इथे, कुटुंब गावी असेल तर वाटा विभागून उचलता येतो. प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिना ५ किलोंपैकी त्याचे त्याने इथे घ्यायचे, बाकीचे गावी. आधार जोडलेलं हवं आणि ई-केवायसी झालेली हवी. दुकानदार म्हणतो, “तुझं नाव इथे नाही.” नाव दुकानाच्या यादीत नसतंच, ते मशीनवर येतं. हे शांतपणे त्याच्या काउंटरवर उभं राहून दाखवायचं. नाहीच ऐकलं तर १४४४५ ला फोन लावायचा. इथल्या बायकांना भीती वाटते की त्यांच्या वाट्यातलं जाईल. बाहेरच्या कार्डावर गेलेलं धान्य मशीनमध्ये वेगळं नोंदलं जातं, कुणाच्या कार्डातलं कमी होत नाही. हे त्यांना मशीनच्या पावतीवर दाखवा, तोंडी सांगू नका.

आणि इथेच तुम्हाला तो जोड सापडेल. वर्षानुवर्षं विड्या वळून अक्कांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, मशीनवर अंगठा लागत नाही. सिमेंटमध्ये हात घालणाऱ्या सेंट्रिंगच्या मुलाचंही तेच. दोघंही एकाच दुकानातून रिकाम्या पिशवीने परत येतात. आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्याने घेणं, डोळ्याच्या स्कॅनचं मशीन असेल तर ते वापरायला लावणं, मोबाइल नंबर जोडून ओटीपीवर धान्य घेणं, हे उपाय दोघांनाही सारखेच लागू. तेव्हा तुमच्या कॅम्पच्या फलकावरून ‘स्थलांतरित कामगार नोंदणी’ हे शब्द काढून टाका. ‘रेशन, आधार, पीएफ, ई-श्रम मदत’ असं लिहा. एक टेबल, एक रांग, आधी येईल तो आधी.

पीएफ मी मुद्दाम घातलंय. ई-श्रम पोर्टल ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालं. १६ ते ५९ वयाच्या, पीएफ-ईएसआय नसलेल्या, आयकर न भरणाऱ्या असंघटित कामगाराची नोंद त्यावर होते. विडी कामगार बाईचा पीएफ कापला जात असेल तर ती त्यात बसत नाही. तुम्ही नुसतं ई-श्रमचं टेबल मांडलंत तर बाहेरचा मुलगा कार्ड घेऊन जाईल आणि अक्का हात हलवत परत जाईल, म्हणजे तिचं म्हणणं तुम्ही स्वतःच खरं करून दाखवलंत. तिची अडचण वेगळी असते. पीएफच्या नोंदीत नाव एक, आधारवर दुसरं, माहेरचं-सासरचं आडनाव उलटसुलट, जन्मतारीख अंदाजाने लिहिलेली. यामुळे स्वतःचेच पैसे आणि पेन्शन अडकून पडतं. ते काम किचकट आहे, हेलपाटे घालावे लागतात. पण एका अक्काचं पेन्शन सुटलं की पूर्ण गल्ली तुम्हाला ओळखते. मग शेजारच्या बिहारी मुलाचा फॉर्म भरायला बसलात तरी कुणी विचारत नाही. तिच्या घरातली, दुसऱ्यांकडे भांडी-धुण्याची कामं करणारी सून मात्र ई-श्रममध्ये बसते, तिलाही विसरू नका.

बांधकामावरच्यांसाठी राज्याचं बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि ठेकेदार तो द्यायला टाळतात. वर सांगितलेली खिशातली वही इथेही उपयोगी पडते.

शाळेबद्दल थोडक्यात, पण हे चुकवू नका. कुटुंबासह आलेल्या कामगाराचं मूल दाखला नाही म्हणून परत पाठवलं जातं, किंवा नऊ वर्षांच्या पोराला मराठी येत नाही म्हणून पहिलीत बसवलं जातं. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे वयाचा पुरावा नाही, दाखला नाही, या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही, आणि मुलाला वयानुसार वर्गात बसवून मागे राहिलेला अभ्यास वेगळा करून घ्यायचा असतो. इथल्या शिक्षकांना अनेक भाषांच्या वर्गाची सवय आहे. घरी तेलुगू बोलणारी आणि शाळेत मराठी शिकणारी मुलं त्यांनी आयुष्यभर शिकवली आहेत. त्यांच्याशी कायद्याच्या आवाजात बोलू नका, त्यांचा अनुभव विचारा.

हे सगळं करताना एक गोष्ट लपवू नका. नाक्यावर दारू पिऊन उभ्या राहणाऱ्या टोळक्यामुळे मुलींना क्लासला जाताना त्रास होतो, अशी तक्रार आली तर ‘गरीब बिचारी मुलं’ म्हणून ती झटकू नका. त्रास देणारा बाहेरचा असो की इथला, तक्रार त्याच्या नावाने व्हायला हवी. तसंच भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं ही घरमालकाची जबाबदारी आहे, ती त्याला पार पाडायला लावा. त्याने मुलांनाही संरक्षण मिळतं. सराफ बाजारातल्या बंगाली कारागिराला बोलीवरून बांगलादेशी ठरवणारे मेसेज फिरतात तेव्हा गल्लीत कुणीतरी “तो आमच्या शेजारी राहतो, कागद आहेत त्याचे” असं म्हणणारं असावं लागतं.

मात्र तुमच्या हातातली नोंदणीची यादी कुणालाही देऊ नका. मालकाला नाही, पक्षाच्या कार्यकर्त्याला नाही, कुणी सहज मागितली म्हणूनही नाही. सोलापुरात सेटलमेंट नावाचा भाग आहे तो तुम्ही पाहिला असेल. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली जी माणसं जन्माने गुन्हेगार म्हणून यादीत घातली गेली त्यांना इथे तारेच्या कुंपणात ठेवत, हजेरी घेत. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण पारधी, कैकाडी घरांच्या मागे लागलेला संशय अजून पुरता गेलेला नाही. माणसांची यादी करणं किती जड जबाबदारी आहे हे या शहरातल्या समाजकार्यकर्तीला दुसऱ्या कुणी सांगायला नको. नावं, आधार क्रमांक, गावचे पत्ते कुलपात ठेवा, फोनवरच्या ग्रुपमध्ये टाकू नका, आणि नोंद का करतोय हे प्रत्येकाला त्याला कळेल त्या भाषेत सांगून मगच लिहा.

आता परत त्या पुण्याला गेलेल्या पोरांकडे. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी माणसं जन्मगाव किंवा आधीचं ठिकाण सोडून राहणारी निघाली, त्यांत लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकाच सगळ्यात जास्त. म्हणजे त्या गल्लीतली जवळजवळ प्रत्येक बाई आणि तिचा मुलगा या आकड्यात आहेत. हा आकडा सांगत बसण्यापेक्षा त्यांना मुलाची खोली कशी मिळाली ते विचारा. डिपॉझिट किती, मालकाने आडनाव विचारलं का, एकट्या पोरांना खोली देत नाही म्हणाला का, गॅस कुणाच्या नावावर, आजारी पडला तेव्हा डबा कुणी दिला. पुणे, भिवंडी, हैदराबाद, तिन्हीकडच्या गोष्टी एकाच बैठकीत निघतात. एकदा अशा बैठकीला वरच्या खोलीतली दोन मुलं दारात उभी राहून ऐकत होती, त्यातला एक म्हणाला, “हमारे साथ भी यही हुआ, यहीं.” घरमालकही तिथेच बसला होता. पुढे मी काही बोलले नाही.

बाहेर गेलेल्या सोलापूरकराचं मोठं उदाहरण द्यायचं झालं तर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं द्या. १९१० मध्ये इथे जन्मले, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथली भाषा शिकले, तिथे लग्न केलं आणि १९४२ मध्ये तिथेच गेले. शाळेतल्या मुलांना ही गोष्ट फार आवडते. परक्या गावात आपल्या माणसाला कुणीतरी जवळ केलं, हे त्यांना त्यातून सहज कळतं.

तुमच्या वर्गातल्या कुणाला माळशिरस-पंढरपूर भागातली ऊसतोडीची टोळी मिळाली असेल तर तिथे रचना वेगळी आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, चार-पाच महिन्यांचा हंगाम, शेताच्या कडेला कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या. तिथे भाडेकरू-शेजारी हा प्रश्न नसतो. गावाची विहीर, अंगणवाडी, आशाताई आणि टोळीतली गरोदर बाई यांची गाठ हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात घालून द्यायला हवी, कारण नंतर टोळी पुढच्या फडावर निघून जाते. त्याबद्दल सविस्तर वेगळं विचारा, लिहीन.

तुमच्यासाठी येत्या महिन्याचं काम असं धरा. नोंदणी आठ दिवस थांबवा. त्या बायकांकडे जा, त्यांच्या रेशनच्या आणि पीएफच्या अडचणी लिहून घ्या, त्यातली एखादी तडीस न्या. मग तेच टेबल नव्या फलकासह मांडा. टेबलावर बसायला एक इथली शिकलेली मुलगी आणि एक हिंदी-ओडिया दोन्ही येणारा कामगार मुलगा शोधा. फॉर्म दोघांनी मिळून भरायचे, तुम्ही बाजूला बसायचं. तुमचं फील्डवर्क एप्रिलमध्ये संपेल आणि पुढची बॅच जूनशिवाय येणार नाही. मधल्या दोन महिन्यांत ई-केवायसीची तारीख आली किंवा कुणाची मजुरी अडली तर टेबल उघडता आलं पाहिजे. म्हणून वह्या, अर्जांच्या प्रती आणि झोन ऑफिस, रेशन कार्यालय, कामगार कार्यालयातल्या फोन नंबरांचा कागद त्या दोघांकडे मार्चमध्येच द्या.